टर्की कॉल: पहिला कोणता घ्यायचा आणि कसा वाजवायचा

टर्की या अमेरिकेतल्या मोठ्या रानपाखराचा आवाज काढायच्या साधनाला कॉल म्हणतात. पहिला कॉल दगडी पाटीचा घ्या आणि त्यावर येल्प, क्लक आणि पर हे मादीचे तीनच आवाज बसवा. पहिल्या हंगामात याहून जास्त काही लागत नाही. अमेरिकेतल्या शिकारीच्या दुकानात भिंतभर कॉल टांगलेले असतात आणि प्रत्येकाच्या पाकिटावर पिसारा फुगवलेला नर छापलेला असतो. त्या भिंतीसमोर उभं राहून गोंधळण्यापेक्षा काय घ्यायचं ते घरूनच ठरवून जावं.

कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज भागातली बरीच पोरं शिक्षणाला, नोकरीला तिकडे आहेत. त्यांच्यापैकी कुणी ऑफिसातल्या मित्राबरोबर वसंतातल्या टर्कीच्या शिकारीला निघालं असेल, तर त्यांच्यासाठी ही माहिती. सराव सुट्टीत इथे घरी बसूनही होतो आणि चांगला कॉल आपल्याकडच्या खरादीकडून करूनही घेता येतो. मापं पुढे दिली आहेत.

आधी कायद्याचं. भारतात रानटर्की नाही आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार इथे रानपाखरांची शिकार करता येत नाही. हौस म्हणून दाजीपूरच्या जंगलात किंवा पन्हाळ्याच्या उतारावर कॉल वाजवून मोर, रानकोंबडा बोलावून बघू, असला उद्योग नको. अभयारण्यात प्राण्या-पाखरांना त्रास देणं हाही गुन्हाच आहे. तिकडे गेल्यावर राज्याचा शिकार परवाना लागतो आणि बहुतेक राज्यांत त्याआधी शिकारीच्या सुरक्षिततेचा कोर्स करावा लागतो. एफ-१, एच-१बी अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना तिथल्या संघीय कायद्याने एरवी बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणून परवाना आधी आणि बंदुकीला हात नंतर, मग ती मित्राची का असेना.

आवाजाने नर का येतो

वसंतात, म्हणजे राज्यानुसार मार्च ते मेच्या दरम्यान, टर्कीचा विणीचा हंगाम असतो. नर पहाटे झाडावरूनच गडगडतो. त्या हाकेला गॉबल म्हणतात. ती ऐकून माद्यांनी त्याच्याकडे जायचं, ही निसर्गाची रीत. शिकारी नेमका उलटा प्रकार करतो: मादीचा आवाज काढून नरालाच आपल्याकडे बोलावतो. इथेच खरी अडचण आहे. नर उत्तर देतो, चार पावलं पुढे येतो आणि थांबतो, कारण त्याच्या हिशेबाने आता मादीने यायला हवं. नवखा माणूस अशा वेळी घाबरून आणखी जोरात, आणखी भरभर वाजवत सुटतो. नराला वाटतं मादी एवढी उतावीळ झाली आहे म्हणजे येईलच, आणि तो जागचा हलत नाही.

दुसरी गोष्ट, टर्कीला आवाजाची जागा अचूक कळते. शंभर पावलांवरून तुम्ही एकदा येल्प दिलात तरी तो नेमक्या त्याच झाडाच्या रोखाने येतो. नजर फार तीक्ष्ण, वासाचं ज्ञान जवळजवळ नाही. त्यामुळे कॉल वाजवल्यानंतर हात हलवणं हे चुकीचा सूर काढण्यापेक्षा जास्त महागात पडतं.

कोणकोणते कॉल असतात

पाटीचा कॉल, ज्याला तिकडे पॉट कॉल म्हणतात, म्हणजे लाकडाची किंवा प्लॅस्टिकची उथळ वाटी. तिच्या तोंडावर दगडी पाटी, काच किंवा ॲल्युमिनियमची चकती बसवलेली असते आणि त्यावर लाकडी कांडी घासून आवाज काढतात. दगडी पाटीचा आवाज मऊ आणि भरीव. काचेचा तीक्ष्ण, वाऱ्यातही लांब जाणारा. ॲल्युमिनियमचा त्याहून किनरा. कारखान्यात बनलेला बरा पॉट कॉल साधारण २० ते ४० डॉलरला मिळतो. नवख्याने दगडी पाटीच घ्यावी. तिच्यावर हात थोडा चुकला तरी आवाज फारसा फाटत नाही. काच मात्र चूक पोटात घालत नाही.

बॉक्स कॉल म्हणजे लांबट लाकडी पेटी आणि तिच्यावर एका टोकाला स्क्रूने अडकवलेलं झाकण. झाकण पेटीच्या कडेवरून घासलं की येल्प निघतो. अर्कान्सासच्या हेन्री गिब्सनने १८९७ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि रचना आजही जवळपास तीच आहे. शिकायला हा सोपा, पण आकाराने मोठा, ओल लागली की मुका होणारा, आणि वाजवताना दोन्ही हात गुंतून राहतात. ढकलून वाजवायचा पुश-बटण कॉल त्याहून सोपा. बोटाने दांडी दाबली की झालं. लहान मुलालाही जमतो. आवाज मोठा करायला वाव नाही, एवढंच.

तोंडातला कॉल, म्हणजे डायफ्राम, नालेच्या आकाराच्या छोट्या चौकटीवर ताणलेला लॅटेक्सचा पडदा असतो. तो टाळूला लावून श्वासाने वाजवतात. दोन्ही हात मोकळे राहतात, म्हणून शेवटी सगळे याच्याकडेच वळतात. पण जमायला आठवडे लागतात. तेव्हा पाटीबरोबरच एक स्वस्तातला डायफ्राम घेऊन ठेवा आणि गाडी चालवताना, ट्रॅफिकमध्ये सराव करत राहा. शिकारीला मात्र पहिल्या हंगामात पाटीच न्यावी.

कोल्हापुरात पाटी करून घ्यायची असेल तर

लागतं ते सगळं इथे मिळतं: वाळलेलं शिसव किंवा सागवान, शाळेची जुनी दगडी पाटी, काचेचा तुकडा आणि एक चांगला खरादी. पाटी दगडाचीच हवी. पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पाटीचा उपयोग नाही. नखाने टिचकी मारून बघा. खणखणीत वाजली तर घ्या. बद्द आवाज आला तर आत तडा असतो.

पाटीतून ८० मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची चकती काढायची. कर्कटकाने गोल आखा, मार्बल कटरने आधी अष्टकोन कापा आणि मग दगडावर पाणी टाकत कडा घासत गोल करा. हे काम कोरडं कधीच करू नका. पाटीच्या धुळीत सिलिका असतो आणि तो फुफ्फुसात जाऊन बसतो. पाणी आणि मास्क, दोन्ही हवेत. काचवाल्याकडून ३ मिलिमीटर जाडीची, ६३ मिलिमीटर व्यासाची दुसरी चकती कापून घ्या. ती वाटीच्या आत बसते आणि आवाज परतवते.

खरादीला द्यायची मापं अशी. लाकडाचा ठोकळा १०० बाय १०० आणि ३० मिलिमीटर जाड. तयार वाटीचा बाहेरचा व्यास ९२, उंची २६. तोंडाशी ८०.५ व्यासाची, ३ मिलिमीटर खोल खाच, पाटी तिच्यात बसेल. खाचेच्या आत व्यास ७४ आणि तिथून खाली १८ मिलिमीटर खोल. मधोमध तळातून वर आलेला ३८ व्यासाचा, ८ मिलिमीटर उंच गोल ओटा सोडायचा. काच त्याच्यावर चिकटते. काचेची जाडी धरली की काच आणि पाटी यांच्यात ७ मिलिमीटरची पोकळी राहते. तळाची जाडी ५. तळाला, मध्यापासून २८ मिलिमीटरवर गोलाकार, १० मिलिमीटरची ८ भोकं पाडायची.

या सगळ्यात जीव आहे तो त्या ७ मिलिमीटरच्या पोकळीत. ती वाढली की आवाज पोकळ आणि खालचा येतो, कमी झाली की किनरा आणि कोंडलेला. खरादीला ओटा मुद्दाम अर्धा मिलिमीटर उंच ठेवायला सांगा. काच आणि पाटी नुसती ठेवून वाजवून बघा आणि मग गरजेप्रमाणे ओटा घासून कमी करा. उलटं करता येत नाही. चिकटवायला सिलिकॉन वापरा, बारीक रेघ, सगळीकडे सारखी. फेविक्विकने पाटी कडक बसते, पण पुढे लाकूड हललं की तडकते.

लाकूड हलतंच. जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरी ओलीत कातलेली वाटी मिनेसोटातल्या हीटर लावलेल्या घरात नेली की आकसते आणि पाटीची कड उचकटते. म्हणून हे काम फेब्रुवारी ते मे दरम्यान करून घ्यावं आणि लाकूड निदान वर्षभर सावलीत वाळलेलं असावं. आतून बाहेरून पॉलिशचे दोन हात द्या. पाटीवर मात्र पॉलिशचा थेंबही पडता कामा नये.

कांडी २० सेंटिमीटर लांब, टोकाशी ६ मिलिमीटर जाड आणि टोक गोलसर. तिकडे हिकरी नावाच्या लाकडाच्या कांड्या चालतात. इथे शिसव उत्तम. दोन-तीन वेगवेगळ्या लाकडांच्या करून घ्या. त्याच पाटीवर कांडी बदलली की वेगळी मादी बोलल्यासारखं वाटतं, आणि नवा कॉल घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

पाटी घासून घेणं

नवीन पाटीवर कांडी नुसती घसरते, आवाज येत नाही. पाटीला भांड्याची हिरवी घासणी, कोरडी, एकाच दिशेने हलकी फिरवा. वरची चकती काचेची असलेला कॉल घेतला असेल तर तिला ८० ते १०० नंबरचा पॉलिश पेपर, एकाच दिशेने, काच धुरकट दिसेपर्यंत. मग कांडी त्या रेघांना आडवी चालवायची. कांडीच्या टोकालाही हलका पॉलिश पेपर लावा, कारण वाजवताना टोक गुळगुळीत होऊन चकाकायला लागतं. आवाज मधेच किंचाळला किंवा मुका झाला तर दहापैकी आठ वेळा कारण हेच असतं.

घासून झालेल्या पाटीला बोट लावायचं नाही. हाताचा घाम आणि तेल तिथे बसतं आणि कांडी नेमकी त्या डागावर घसरते. खाऊन लगेच सराव करायचा असेल तर आधी साबणाने हात धुवा. पांढऱ्या रश्श्यानंतर तर नक्कीच.

धरायचं कसं, वाजवायचं कसं

वाटी डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांवर आणि अंगठ्यावर तोला, कडेला धरून. तळवा खालून चिकटू देऊ नका. चिकटला तर भोकं बंद होऊन आवाज आतच मरतो. कांडी उजव्या हातात पेनासारखी, टोकापासून चार-पाच सेंटिमीटर वर धरा आणि वरचं टोक किंचित बाहेर कललेलं ठेवा. उजव्या हाताची करंगळीची बाजू वाटीच्या कडेला टेकवली की हात स्थिर राहतो.

पाटीवर जागा शोधायची ती कडेपासून साधारण अडीच सेंटिमीटर आत. कडेकडे गेलं की सूर वर चढतो, मध्याकडे आलं की उतरतो. प्रत्येक पाटीवर एक-दोन ठिकाणं अशी असतात जिथे आवाज आपोआप भरतो. ती सापडली की वाटीच्या कडेला पेन्सिलने खूण करून ठेवा. अंधारात ती जागा शोधत बसायला वेळ नसतो.

येल्प काढायला पैशाच्या नाण्याएवढं लहान वर्तुळ किंवा अंडाकृती काढत राहा. टोक पाटीवरून उचलायचं नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक फेऱ्यात खेचताना आवाज निघतो आणि परत जाताना तो गप्प असतो. एका येल्पमध्ये दोन भाग ऐकू यायला हवेत: वरचा स्वच्छ सूर आणि लगेच खाली मोडणारा खरखरीत सूर. दाब कमी पडला तर नुसता वरचा सूर येतो, शिट्टीसारखा. दाब जास्त झाला तर नुसती खरखर. आधी एक-एक सुटा येल्प काढा. तो मोडायला लागला की मग चार-पाच एकामागोमाग.

लय म्हणाल तर साधारण सेकंदाला तीन येल्प, सारख्या अंतराने, सारख्या जोराने. हलगीचा आवाज थोडा उतरला तरी ठेका पक्का असला की लोकांचे पाय हलतात, आणि ठेका चुकला की उत्तम हलगीही कानाला खुपते. टर्कीचंही तसंच. जिवंत माद्यांचे आवाज ऐकले तर काही बेसूर, काही घोगऱ्या सापडतील, पण एखादीची लय गेलेली क्वचितच आढळेल. फोनवरच्या मेट्रोनोमला १८० लावा आणि प्रत्येक ठोक्याला एक येल्प काढा.

क्लक हा एकच तुटक ठोका आहे. टोक दाबून धरायचं आणि आपल्या दिशेने अर्धा सेंटिमीटर झटक्याने ओढायचं. आवाज 'टक्' असा सुटतो. मादी निवांत चरत असताना मधूनमधून असा आवाज करते आणि नराला 'मी इथेच आहे' एवढंच कळवते. एक-दोन क्लक, मग गप्प. लागोपाठ जोरात, तीव्र वाजले की तो धोक्याचा इशारा होतो, त्याला पट म्हणतात. नवख्याचे बरेचसे क्लक नकळत पट होतात, कारण दाब फार असतो. मऊच ठेवा.

पर म्हणजे घुरघुर. कांडी अगदी हलकी धरा, जवळजवळ तिच्या स्वतःच्या वजनावर, आणि दोन-तीन सेंटिमीटरची सावकाश कमान ओढा. टोक पाटीवर अडखळत उड्या मारतं आणि त्यातूनच घुरघुर निघते. हाताने थरथरवायचा प्रयत्न केला की जमत नाही. क्लक आणि पर एकत्र, हळू आवाजात, हा नवख्याच्या हातातला सगळ्यात उपयोगी मेळ. नर साठ-सत्तर पावलांवर येऊन अडला की हाच वाजवायचा.

याशिवाय कट नावाचा भरभर, तुटक, चिडका आवाज आहे, झाडावरून उतरतानाचा कॅकल आहे, शरद ऋतूत पिल्लं काढतात तो की-की आहे. ते दुसऱ्या वर्षी.

बॉक्स कॉल घेतलाच असेल तर

पेटी डाव्या तळव्यावर ठेवा, बाजूच्या पातळ भिंतींना बोटं लागू देऊ नका. वाजतात त्या भिंतीच. झाकण दोन बोटांनी हलकं धरून कडेवरून तीन-चार सेंटिमीटर सरकवा आणि परत आणताना कडेवरून उचलू नका. झाकणाच्या खालच्या बाजूला खडू लावावा लागतो, त्यात मेणही नको आणि तेलही नको. बॉक्स कॉलसाठीचा खडू वेगळा मिळतो, तोच घ्या. झाकणाचा स्क्रू कारखान्यात सूर लावून बसवलेला असतो, तो पिळायचा नाही. चालताना पेटी आपोआप वाजू नये म्हणून झाकणाखाली कापडाचा तुकडा सरकवून रबर बांधा.

तोंडातला कॉल

नवख्याने दोन पडद्यांचा घ्यावा, वरच्या पडद्याला साधी चीर असलेला किंवा काहीच कापलेलं नसलेला. तीन-चार पडद्यांचे कॉल जोराचा श्वास मागतात. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर हा प्रकार सोडून द्या.

नालेची उघडी बाजू पुढे, दातांकडे. पडद्यांपैकी आखूड पडदा खाली, जिभेकडे. जिभेने कॉल टाळूवर दाबा आणि चौकटीभोवतीच्या टेपची कड सगळीकडे टाळूला चिकटते का ते बघा. कड दाढांना टेकून कॉल घडीसारखा दुमडत असेल तर टेप कात्रीने कापा, पण एका वेळी मिलिमीटरभरच. जास्त कापलं तर बाजूने हवा निसटते आणि मग कॉल टाकूनच द्यावा लागतो. ओकारी येत असेल तर कॉल फार मागे गेला आहे. अर्धा सेंटिमीटर पुढे घ्या. पहिले दोन-तीन दिवस नुसता तोंडात ठेवून फिरलं तरी ही अडचण जाते.

आता जीभ पडद्याला हलकी टेकवून 'हस्स' असा श्वास सोडा. हवा फक्त पडदा आणि जीभ यांच्या मधून जायला हवी. पडदा फडफडून बारीक सूर निघाला की जबडा झटक्यात खाली सोडा. सूर आपोआप खाली मोडतो, तोच येल्प. गालातून फुंकर मारू नका. थंडीत काचेवर वाफ धरायला पोटातून 'हा' करतो तसा श्वास लागतो. तोंडाने 'च्यॉक, च्यॉक' म्हणायचा प्रयत्न केला की जीभ आणि जबडा दोन्ही बरोबर हलतात. नुसती हवाच जात असेल तर जीभ थोडी वर दाबा. आवाज अडून बसला असेल तर दाब कमी करा.

वापरून झाल्यावर साध्या पाण्याने धुवा, पडद्यांच्या मध्ये चपटी टूथपिक ठेवून वाळवा आणि डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात राहिलेला कॉल दोन दिवसांत चिकट होतो.

कान तयार करणं

स्पर्धांमध्ये कॉल वाजवणाऱ्यांचे व्हिडिओ बघून शिकू नका. ते पाखरांपेक्षा स्वच्छ वाजवतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेच्या मॅकॉले संग्रहात खऱ्या रानटर्कीचे ध्वनिमुद्रण ऐकायला मिळतात, ते कानावर घ्या. आणखी सोपा मार्ग म्हणजे आपल्याकडेच टर्कीपालन करणाऱ्या एखाद्या फार्मवर सकाळी तासभर बसणं. पाळीव टर्की मूळची मेक्सिकोतल्या रानटर्कीपासून आलेली, जात तीच. माद्यांचा येल्प, क्लक, पर तिथे हवा तेवढा ऐकू येतो. मालकाला आधी विचारा, आणि कॉल पिशवीतच ठेवा. कळप बिथरला तर तो तुमच्यावरच चिडेल.

घरात वाजवताना आवाज नेहमीच मोठा आणि बरा वाटतो. फोन रेकॉर्डिंगला लावून मैदानात तीस-चाळीस पावलांवर ठेवा, वाजवा आणि मग ऐका. शेजाऱ्यांसाठी म्हणून सांगतो, पहाटे पाचचा सराव अपार्टमेंटच्या गॅलरीत नको.

रानात

आदल्या संध्याकाळी नर कुठल्या झाडावर बसतो ते ऐकून घ्या. मोठ्या अचानक आवाजाला नर गॉबल करून बसतो. यासाठी घुबडाचा किंवा कावळ्याचा कॉल मिळतो. मोराच्या केकेची नक्कल करणारे कॉलही तिकडे विकायला असतात. पन्हाळ्याच्या आसपास वाढलेल्या माणसाला तो आवाज वेगळा शिकवावा लागत नाही. हा आवाज फक्त नर कुठे आहे ते कळण्यापुरता, त्याला बोलावण्यासाठी नाही.

पहाटे अंधारातच त्या झाडापासून शंभर ते दीडशे यार्डांवर, म्हणजे साधारण ९० ते १४० मीटरवर बसा. याहून जवळ गेलात तर तो झाडावरूनच तुम्हाला बघतो. पाठीशी खांद्यापेक्षा रुंद बुंधा हवा. उजेड फुटताना तीन मऊ येल्प द्या, अगदी हळू, झोपेतून उठलेल्या मादीसारखे. त्याने उत्तर दिलं की कांडी खाली ठेवा. खरंच ठेवा. तो जमिनीवर उतरल्याचा पंखांचा आवाज आला की पुन्हा पाच-सहा येल्प, आणि मग दहा-पंधरा मिनिटं काही नाही.

येता येता अडला तर क्लक आणि पर. त्यानेही हलला नाही तर हाताने वाळलेला पाला खरवडा, चरणाऱ्या मादीसारखा: खर्र, खर्र, थांब. तरीही नाही, तर पूर्ण गप्प बसा. गॉबल ऐकू यायचं बंद झालं म्हणजे नर गेला असं नाही. पुष्कळदा तो मुकाट्याने चालत येत असतो आणि माणूस कंटाळून उठतो तेव्हाच उडतो. त्याच्याबरोबर माद्या असतील तर त्यांच्यातली जी तुम्हाला उत्तर देते तिचीच नक्कल करा. ती चिडून बघायला आली की नर तिच्यामागे येतो.

चाळीस यार्डांपलीकडे गोळी झाडायची नाही, म्हणजे साधारण ३६ मीटर. आपल्या बंदुकीचे छर्रे त्या अंतरावर किती पसरतात ते आधी कागदावर तपासलेलं असावं. बसल्या जागेवरून त्या अंतरावरचं एक झाड किंवा दगड हेरून ठेवा.

आणि सुरक्षिततेचं. तुम्ही उत्तम येल्प काढत असाल तर दुसऱ्या शिकाऱ्यालाही तिथे टर्कीच आहे असं वाटणार. म्हणून टर्कीचा आवाज येतो त्या दिशेने दबकत कधीच जायचं नाही. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको, रुमालसुद्धा नको. नराचं डोकं याच रंगांचं असतं. दुसरा माणूस येताना दिसला तर हात हलवायचा नाही आणि कॉल वाजवायचा नाही. मोठ्या, स्वच्छ आवाजात बोलायचं. नराचा गॉबल काढणारा कॉल सार्वजनिक रानात वापरू नका. रेकॉर्ड केलेला आवाज स्पीकरवर वाजवायला अनेक राज्यांत बंदी आहे, तेव्हा फोनवरचे ते आवाज सरावापुरतेच ठेवा.

पाऊस लागला तर दगडी पाटी फडक्याने पुसून घासणी फिरवली की पुन्हा वाजते, पण कांडीचं टोक ओलं झालं तर वाळेपर्यंत ती कांडी कामाची नाही. दुसरी कांडी प्लॅस्टिकच्या पिशवीत, शर्टाच्या आतल्या खिशात ठेवा.